वावडे, खाज आणि मज्जातंतू

अधिहर्षतेच्या विकारांमागील एका दुव्याची ओळख

माळव्याच्या काळ्या जमिनीत वर्षातून दोन वेळा मळणीचा हंगाम येतो. आश्विनाच्या सुमारास सोयाबीनची आणि फाल्गुन-चैत्रात गव्हाची. उज्जैन, देवास, इंदूर या परिसरात शिंदे-होळकरांच्या काळापासून स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे दृश्य परिचित आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यासही ते अपरिचित नाही. यंत्राच्या तोंडातून भुशाचे लोट बाहेर पडतात, वारा ते वस्तीकडे नेतो आणि काही दिवस गावावर धुरळ्याचे पातळ आवरण राहते. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्यांना या धुरळ्याचे वावडे आहे, त्यांच्या दृष्टीने हे दिवस कष्टाचे असतात. शिंकांनी बेजार होणे, डोळे लाल होणे, अंगावर गांधी उठणे, रात्री छातीत घरघर होऊन झोप न लागणे अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात.

अशा रुग्णांच्या बाबतीत नेहमी एक प्रश्न विचारला जातो. मळणी संपली, धूळ खाली बसली, तरीही यांचा त्रास का थांबत नाही? साधी थंड हवा लागली, चुलीचा धूर आला किंवा उदबत्ती पेटविली, तरी खोकल्याची उबळ का येते? ज्या वस्तूचे वावडे नाही तिनेही त्रास होऊ लागला, म्हणजे घरातील माणसे "हे मनाचे खेळ आहेत" असे म्हणून मोकळी होतात. वस्तुतः हे मनाचे खेळ नसून मज्जातंतूंमध्ये घडून येणारा प्रत्यक्ष बदल आहे, आणि या बदलात शरीरातीलच एका विशिष्ट प्रथिनाचा वाटा आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. या प्रथिनास मज्जातंतू-वृद्धिघटक असे म्हणतात. त्याची ओळख करून देणे आणि त्यावरून ग्रामीण जनतेने, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी कोणता बोध घ्यावा हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वावडे म्हणजे काय?

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्यास अधिहर्षता म्हणतात. परंतु "त्याला वांग्याचे वावडे आहे" असे आपण नित्य म्हणतो, त्यातील 'वावडे' हा शब्द या अर्थाच्या पुष्कळ जवळ जातो. इतरांना निरुपद्रवी असलेला पदार्थ एखाद्याच्या शरीराला शत्रूसारखा वाटणे व शरीराने त्याविरुद्ध गरजेपेक्षा अधिक जोराने प्रतिकार करणे, ही वावड्याची सोपी व्याख्या होय.

हा प्रतिकार कसा होतो हे समजण्यासाठी गावच्या राखणदाराचे उदाहरण घेऊ. आपल्या त्वचेखाली, नाकाच्या व श्वासनलिकांच्या अस्तरात आणि डोळ्यांच्या पापण्यांच्या आतील बाजूस 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. या पेशी म्हणजे जणू वेशीवरचे राखणदार. त्यांच्या पोटात हिस्टामीन व अन्य तीव्र रसायनांच्या बारीक कण्या भरलेल्या असतात. एखाद्या व्यक्तीच्या रक्तात परागाविरुद्ध किंवा धुळीतील कीटकांविरुद्ध 'आय-जी-ई' नावाचे प्रतिपिंड तयार झाले, म्हणजे ते या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या प्रतिपिंडाचा शोध अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य किमिशिगे व तेरुको इशिझाका आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिश यांनी १९६० नंतरच्या दशकात लावला. तोच पराग पुन्हा नाकात गेला की तो या प्रतिपिंडांना चिकटतो, राखणदार खडबडून जागा होतो आणि आपली सारी रसायने एकदम बाहेर फेकतो. त्यामुळे रक्तवाहिन्या फुगतात, पाणी पाझरते, सूज येते, शिंका येतात. काही तासांनंतर रक्तातील इतर पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात आणि दाह दीर्घकाळ टिकतो.

इतके वर्णन पाठ्यपुस्तकांत पूर्वीपासून आहे. परंतु यात एका घटकाचा विचार अपुरा राहिला होता, तो म्हणजे मज्जातंतूंचा. शिंक, खोकला व खाज या तिन्ही गोष्टी मज्जातंतूंवाचून घडूच शकत नाहीत. रसायन बाहेर पडले तरी त्याची वार्ता मेंदूपर्यंत नेणारा तंतू नसेल तर खाज जाणवणार नाही. तेव्हा वावड्याच्या विकारात हे तंतू केवळ निरोप नेण्याचे काम करतात, की त्या भांडणात स्वतःही उतरतात, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर एका निराळ्याच दिशेने आलेल्या शोधातून मिळाले.

कोंबडीच्या अंड्यांपासून नोबेल पारितोषिकापर्यंत

इटलीतील तुरीन शहरी १९०९ मध्ये जन्मलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी वैद्यकाची पदवी घेतली. परंतु १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूधर्मीयांविरुद्ध कायदे केले आणि त्यांना विद्यापीठातील काम सोडावे लागले. त्यांनी धीर सोडला नाही. आपल्या झोपण्याच्या खोलीतच त्यांनी लहानशी प्रयोगशाळा मांडली आणि महायुद्धाच्या धामधुमीत, बॉम्बवर्षाव चुकविण्यासाठी खेड्यात राहावयास गेल्यावरही, कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर मज्जातंतूंच्या वाढीचा अभ्यास चालू ठेवला. ज्या शिक्षकांना शाळेत साधने अपुरी असल्याची खंत वाटते, त्यांनी विद्यार्थ्यांना ही कथा अवश्य सांगावी.

युद्धानंतर व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेत सेंट लुईस येथे गेल्या. उंदराच्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात ठेवला असता त्या दिशेने मज्जातंतू भराभर वाढतात, असे त्यांना आढळले. १९५२ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील प्रयोगशाळेत त्यांनी हा प्रयोग काचेच्या बशीत करून पाहिला. गाठीच्या शेजारी ठेवलेल्या मज्जापेशींभोवती काही तासांतच सूर्याच्या किरणांसारखे तंतूंचे वलय उमटले. याचा अर्थ गाठीतून काहीतरी द्रव्य बाहेर पडत होते. ते द्रव्य वेगळे करण्याचे काम जीवरसायनज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी केले. या कामी एका परीक्षेसाठी सापाचे विष वापरले असता त्या विषातच हे द्रव्य विपुल असल्याचे दिसले. विषग्रंथी ही एका अर्थाने लाळग्रंथीच आहे, या विचाराने उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, तो तेथेही त्याचा साठा मिळाला. हाच तो मज्जातंतू-वृद्धिघटक. या संशोधनाबद्दल कोहेन व लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेव्ही-मोंताल्चिनी यांना १०३ वर्षांचे आयुष्य लाभले. त्या २०१२ मध्ये निवर्तल्या.

गर्भावस्थेत वेदना व उष्णता जाणणारे तंतू जगावेत, वाढावेत व योग्य ठिकाणी पोहोचावेत, यासाठी हा घटक अत्यावश्यक असतो. तो ओळखणाऱ्या ग्राहकात जन्मजात दोष असलेली बालके क्वचित आढळतात. त्यांना वेदना जाणवत नाही व घामही येत नाही. भाजले, कापले, हाड मोडले तरी त्यांना कळत नाही. यावरून या प्रथिनाचे महत्त्व ध्यानात येईल.

वावड्याशी संबंध कसा जुळला?

१९७७ मध्ये लुइजी आलोए व लेव्ही-मोंताल्चिनी यांनी नवजात उंदरांना हा घटक टोचून पाहिला. मज्जातंतू तर वाढलेच. परंतु त्याबरोबर ठिकठिकाणच्या मास्ट पेशींची संख्याही वाढलेली दिसली. ही बाब अनपेक्षित होती. मज्जातंतूंचे खाद्य मानलेला पदार्थ वावड्याच्या राखणदारांनाही पोसतो, असा त्याचा अर्थ होता. पुढे १९९४ मध्ये असे दिसून आले की, मास्ट पेशी स्वतःही हा घटक तयार करतात व बाहेर सोडतात. म्हणजे देणारा व घेणारा एकच झाला.

माणसाच्या बाबतीत महत्त्वाचा पुरावा १९९६ मध्ये मिळाला. इटलीतील सर्जिओ बोनिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा, नाक-डोळ्यांचा वावडेजन्य दाह व अंगावर पित्त उठणे या विकारांच्या ४९ रुग्णांचे रक्त तपासले. निरोगी व्यक्तींच्या मानाने त्यांच्या रक्तात या घटकाचे प्रमाण अनेक पटींनी अधिक होते, आणि वावड्याचा दमा असलेल्यांमध्ये ते सर्वाधिक होते. १९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेच्या एका भागात वावड्याचा पदार्थ अल्प प्रमाणात सोडून नंतर तो भाग धुऊन काढलेले पाणी तपासले, तेव्हा त्यातही या घटकाची वाढ आढळली. २००० मध्ये अमेरिकेत नाकाच्या बाबतीत असेच निष्कर्ष मिळाले. उंदरांवरील प्रयोगात या घटकाला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले असता श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता कमी झाली.

हा घटक नेमके करतो तरी काय? त्याची मुख्य कार्ये तीन सांगता येतील.

पहिले कार्य असे की, तो मज्जातंतूंच्या टोकांचा उंबरठा खाली आणतो. निरोगी नाकाला शिंक येण्यासाठी जितकी चेतना लागते, तिच्यापेक्षा फार कमी चेतना आता पुरेशी होते. मिरची व उष्णता जाणणारे तंतूंवरील द्वार या घटकामुळे सहज उघडते. म्हणूनच फोडणीचा ठसका, थंड वारा वा धूर, ज्यांचे मुळात वावडे नाही, त्यांनीही उबळ येते.

दुसरे कार्य म्हणजे, तो तंतूंच्या टोकांतून 'सबस्टन्स पी' व तत्सम द्रव्यांची निर्मिती वाढवितो. ही द्रव्ये तंतूच्या टोकाशी बाहेर पडून रक्तवाहिन्या फुगवितात, सूज आणतात आणि शेजारच्या मास्ट पेशींनाही डिवचतात. म्हणजे वार्ता नेणारा दूतच आता आगीत तेल ओतू लागतो.

तिसरे कार्य संथपणे घडते. दाह दीर्घकाळ राहिला, तर तंतूंच्या फांद्या प्रत्यक्षात वाढतात. जन्मजात प्रवृत्तीच्या इसबात त्वचेच्या वरच्या थरातील पेशी हा घटक अधिक प्रमाणात तयार करतात आणि खाज जाणणारे तंतू अगदी पृष्ठभागापर्यंत येऊन पोहोचतात, असे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणजे एक दुष्टचक्र स्पष्ट होते. दाहामुळे घटक वाढतो, घटकामुळे तंतू संवेदनशील होतात, संवेदनशील तंतूंमुळे खाज व खोकला वाढतो, खाजविल्याने त्वचेला इजा होऊन दाह पुन्हा वाढतो. विहिरीवरील रहाटाप्रमाणे हे चक्र फिरत राहते. मळणी संपूनही त्रास का संपत नाही, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर यात आहे. बाहेरचे कारण गेले तरी आतील तंतू पूर्ववत होण्यास वेळ लागतो.

पुण्याच्या उकिरड्यावरून निघालेले संकट

आपल्याकडे वावड्याचा विचार करताना गाजर गवताचा उल्लेख टाळता येणार नाही. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशाही नावांनी ही वनस्पती ओळखली जाते. ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी पुण्यातील उकिरड्यांवर तिची तुरळक रोपे प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस पडली व १९५६ मध्ये रोल्ला राव यांनी भारतातील नवी वनस्पती म्हणून तिची नोंद केली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असावे, असा सर्वसाधारण समज आहे. तेथून तिने सारा देश व्यापला. आज उज्जैनच्या क्षिप्राकाठच्या पडीक जागा असोत वा सोलापूरच्या रेल्वेमार्गाच्या कडा, ती सर्वत्र आढळते. एक रोप हजारो बिया देते आणि त्या वाऱ्याने, पाण्याने व वाहनांच्या चाकांबरोबर पसरतात.

या वनस्पतीतील पार्थेनीन नावाच्या द्रव्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाकडे पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी लक्ष वेधले. १९७४ मध्ये त्यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या विकारात चेहरा, पापण्या, मान, कानामागील भाग व कोपरांच्या खाचा लाल होतात, जाड होतात आणि तीव्र खाज सुटते. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. वाळलेल्या रोपाचे सूक्ष्म कण हवेतून अंगावर बसले तरी पुरते. त्वचेचा हा दाह आय-जी-ईमुळे होत नाही. लसिका पेशींमार्फत एक-दोन दिवसांनी उमटणारा हा निराळा प्रकार आहे. याच रोपाच्या परागामुळे होणाऱ्या शिंका व नाक वाहणे यांत मात्र आय-जी-ईचा संबंध असतो. मार्ग दोन असले तरी दोहोंत दाह हा समान आहे, आणि खाजविण्याने तो बळावतो हेही समान आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. चेहऱ्याची त्वचा काळी-जाड झालेल्या शेतमजुरास पाहून हा संसर्गजन्य रोग असावा, अशी शंका गावात घेतली जाते. त्याच्या हातचे पाणी घेण्याचे टाळले जाते, कामावर बोलाविले जात नाही. हा विकार संसर्गजन्य नाही. तो एकापासून दुसऱ्यास होत नाही. ज्या माणसाने आपल्या शेतातील तण उपटता उपटता हे दुखणे ओढवून घेतले, त्याला वाळीत टाकणे हा अन्याय आहे.

सोयाबीनची धूळ आणि बार्सिलोनाचा धडा

मध्यप्रदेशात सोयाबीनचा प्रसार १९७० नंतर झपाट्याने झाला. माळवा हे आज त्याचे प्रमुख क्षेत्र असून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूर येथे आहे. विदर्भ व मराठवाड्यातही हे पीक घरोघरी पोहोचले आहे. या पिकाच्या संदर्भात स्पेनमधील बार्सिलोना शहराचा अनुभव मार्गदर्शक ठरावा.

१९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात २६ वेळा असे घडले की, एकाच दिवशी अनेक माणसांना अचानक दम्याचा तीव्र झटका येऊन रुग्णालयांत गर्दी झाली. काहींचे प्राणही गेले. कारण सापडत नव्हते. अखेरीस संशोधकांनी झटक्यांच्या तारखा बंदरातील मालाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा ज्या दिवशी सोयाबीन उतरविले गेले त्याच दिवशी हे झटके आले होते, असे आढळले. सोयाबीनच्या टरफलांची सूक्ष्म धूळ एका कोठारातून वाऱ्याने शहरावर जात होती, कारण त्या कोठाराला धूळ अडविणाऱ्या पिशव्या बसविलेल्या नव्हत्या. त्या बसविल्यावर ही साथ थांबली.

या घटनेतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. एक अशी की, धुळीचे वावडे ही व्यक्तीची खाजगी बाब नसून ती सार्वजनिक आरोग्याची बाब आहे. दुसरी अशी की, उपाय औषधाच्या बाटलीतच असतो असे नाही. तेथे कापडी गाळणीने जे साधले, ते हजारो गोळ्यांनी साधले नसते.

औषधांविषयी दोन शब्द

मज्जातंतू-वृद्धिघटक हे मूळ असेल तर त्यालाच अडविणारे औषध का नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. तसे प्रयत्न झाले. सांध्यांच्या वेदनेसाठी या घटकाला अडविणारे 'टॅनेझुमॅब' नावाचे प्रतिपिंड तयार करण्यात आले. वेदना कमी झाली; परंतु काही रुग्णांचे सांधे वेगाने झिजल्याचे आढळले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने त्याविरुद्ध मत दिले आणि ते औषध पुढे आले नाही. उलट, डोळ्याच्या बुबुळावरील तंतू निकामी होऊन होणाऱ्या एका दुर्मीळ विकारात हाच घटक थेंबांच्या रूपाने देण्यास युरोपात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. यावरून हा घटक शत्रू नसून शरीराचा आवश्यक सेवक आहे, हे कळून येते. तो अयोग्य ठिकाणी व अयोग्य प्रमाणात वाढला की त्रास होतो, इतकेच.

वावड्याच्या विकारांसाठी या घटकाला अडविणारे औषध बाजारात उपलब्ध नाही. तेव्हा "मज्जातंतू बळकट करणारे" म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांचा दमा वा इसब यांच्याशी संबंध जोडून कोणी पैसे मागत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. हिस्टामीनरोधक गोळ्यांनी शिंका व पित्त पुष्कळ वेळा आटोक्यात येतात. मात्र इसबाच्या खाजेवर त्यांचा परिणाम बहुधा मर्यादित असतो. त्या खाजेमागे हिस्टामीनखेरीज अन्य द्रव्ये व संवेदनशील झालेले तंतूही असतात. म्हणून "गोळी घेतली तरी खाज जात नाही, अर्थी डॉक्टरच चुकीचा" असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तेथे दाह शमविणारे मलम, त्वचेला स्निग्धता देणारी लेपने व कारणापासून दूर राहणे, या तिन्हींची जोड लागते.

दम्यामध्ये श्वासावाटे घ्यावयाची दाहशामक औषधे हा उपचाराचा मुख्य आधार आहे. त्यांची मात्रा अल्प असून ती थेट श्वासनलिकांत पोहोचते. फवाऱ्याची सवय लागते, ही समजूत निराधार आहे. बरे वाटू लागताच औषध बंद करणे ही मात्र घातक सवय होय. वरवर लक्षणे थांबली तरी आतील दाह व तंतूंची अतिसंवेदनशीलता शिल्लक असू शकते. नाव नसलेल्या पुड्या व झटपट गुण देणारी मलमे यांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. ती दीर्घकाळ वापरल्याने त्वचा पातळ होणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे असे दुष्परिणाम होतात.

काय करता येईल?

शेतकरी बंधू-भगिनींनी मळणीच्या वेळी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. यंत्र वस्तीपासून दूर, वारा वस्तीकडून शेताकडे वाहत असेल अशा बाजूस लावावे. नाका-तोंडावर घट्ट बसणारी मुखपट्टी वापरावी. साध्या फडक्याने जाड धूळ अडते, बारीक धूळ अडत नाही. काम संपताच घराबाहेरच कपडे बदलून अंघोळ करावी व ते कपडे झोपण्याच्या खोलीत आणू नयेत. ज्याला दमा आहे, त्याने शक्यतो मळणीपासून दूर राहावे व हंगाम सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, फवारा घेऊनही आराम न वाटणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांना एक विशेष विनंती आहे. जबलपूर येथील तण अनुसंधान संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी ऑगस्ट महिन्यात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु श्रमदानाच्या उत्साहात मुलांकरवी उघड्या हातांनी हे गवत उपटून घेतल्यास, त्यांपैकी एखाद्या मुलाला आयुष्यभराचे वावडे जडण्याची शक्यता असते. एकदा शरीराने हे द्रव्य शत्रू म्हणून ओळखले, म्हणजे ती ओळख सहसा पुसली जात नाही. म्हणून मुलांनी माहिती सांगावी, फलक लिहावेत, कोठे गवत उगवले आहे त्याचा नकाशा करावा. उपटण्याचे काम मात्र हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व मुखपट्टी घातलेल्या, वावडे नसलेल्या प्रौढांनीच करावे. वर्गात वारंवार नाक चोळणाऱ्या, खाजविणाऱ्या वा धावल्यावर खोकणाऱ्या मुलास दटावू नये. त्याच्या पालकांना बोलावून वैद्यकीय तपासणी सुचवावी.

ग्रामपंचायती व स्थानिक अधिकारी यांनी गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, मुळासकट काढून घेण्याची व्यवस्था करावी. फुले आल्यावर काढल्यास पराग व बी यांचा प्रसार होतो. फुलापूर्वी काढलेल्या रोपांचे खत करता येते. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा वा तरोटा वाढू दिल्यास तो गाजर गवतास वर येऊ देत नाही. मेक्सिकोतून आणलेला व १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आलेला झायगोग्रामा हा भुंगा पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतो, त्याचाही उपयोग करून घ्यावा. या कामावर लावलेल्या मजुरांना हातमोजे व मुखपट्टी पुरविणे ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. २०२८ मध्ये उज्जैन येथे सिंहस्थ भरणार आहे. लक्षावधी यात्रेकरू ज्या मोकळ्या मैदानांवर उतरतील, ती मैदाने वेळीच तणमुक्त करणे हाही आरोग्यव्यवस्थेचाच एक भाग मानला पाहिजे. धान्याची कोठारे, दालमिल व तेलगिरण्या यांना धूळ अडविणारी साधने आहेत किंवा नाहीत, याची पाहणीही नियमित व्हावी.

मज्जातंतू-वृद्धिघटकाचा शोध लागण्यापूर्वीही माणसे शिंकत होती व खाजवीत होती. परंतु त्यांच्या तक्रारीला शरीरात आधार आहे, हे सिद्ध करण्याचे साधन नव्हते. ते आता मिळाले आहे. धुळीने हैराण झालेल्या माणसाला "सवय होईल" असे सांगणे हे शास्त्राच्या नेमके विरुद्ध आहे. दाह चालू असताना मज्जातंतूंना धुळीची सवय होत नाही. प्रत्येक हंगामागणिक ते अधिक हळवे होत जातात. म्हणून धूळ कमी करणे, दाहावर वेळीच व पूर्ण उपचार करणे आणि रुग्णाच्या बोलण्यावर विश्वास ठेवणे, या तीन गोष्टी घरात, शाळेत व पंचायतीत कटाक्षाने पाळल्या जाव्यात.